ग्रहांचं पोर

बासष्ट सालच्या जानेवारीत खानदेशात जग बुडायची तयारी जोरात चालली होती. फेब्रुवारीच्या तीन, चार, पाच तारखांना मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि पृथ्वीचा चेंदामेंदा होणार, असं पेपरात छापून आलं होतं. पेपरात आलं ते खरं, ही आपल्याकडची रीत. दादर ज्वारी हुरड्यात आलेली, पण गोफण घेऊन माळ्यावर कोणी चढेना. जगच राहणार नाही तर पाखरं हाकलायची कोणासाठी? आणि हेच लोक पुढच्या साली पेरायचं बी मात्र राख चोळून कणगीत जपून ठेवत होते. भ्यालेल्या माणसाच्या डोक्याला दोन दारं असतात. एकातून प्रलय आत येतो, दुसऱ्यातून पुढचा हंगाम. दोघांची गाठ तो पडू देत नाही.

देवचंद मास्तर शिंदखेड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. जग बुडो की तरंगो, त्याला घोर एकच होता. त्याची धाकटी बहीण मंदा. आईबाप लवकर गेले, तिला वाढवली त्यानंच, आणि सावळखेड्याच्या गिरधरआबांच्या घरी दिली, त्यांच्या भिकनला. तिचं पहिलं बाळंतपण. रीतीनं ते माहेरी व्हायचं, पण माहेर म्हणजे देवचंदची भाड्याची खोली आणि तीत एक स्टोव्ह. बाईमाणूस नाही. म्हणून मंदा सासरीच राहिली. दिवस भरत होते नेमके फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

बाजारच्या दिवशी सावळखेड्याचा एक जण तिचा निरोप घेऊन आला. निरोप असा होता : "आबानी सांगं शे, त्या तीन रोजमा जे जन्मी ते घरमा ठेवानं नही. नदीना पल्याड ठेई येवानं. भाऊ, तू ये."

देवचंद सायकल हाणत गेला. आबा ओट्यावर बसले होते. आबा काही राक्षस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. राक्षस असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. नातवंडासाठी त्यांनी सुताराकडून सागाचा पाळणा करून घेतला होता, तो मागच्या खोलीत टांगलेला होता. उघड्या दारातून त्याच्याकडे बघूनच ते बोलत होते.

"मास्तर, जोशीबुवानी सांगं, अष्टग्रहीमा जन्मेल पोर घर खास. एक पोर गयं तं दुसरं व्हई. घर गयं तं?"

"आबा, ग्रह घर खात नाहीत. ते कुठं, आपण कुठं!"

"तुमी शिकेल शेतस. आमले काय दखास?"

दखास नाही, म्हणजे दिसत नाही. देवचंदच्या मनात तोच शब्द अडकून बसला. त्याला वाटलं, यांना दिसत नाही म्हणून हे भितात. दाखवलं की भीती गेली. दिवा लावला की अंधार गेला. शिकलेल्या माणसाची ही पहिली अंधश्रद्धा, आणि तिच्यावर उतारा नाही.

त्यानं शाळेमागं पडलेलं बैलगाडीचं मोडकं चाक घेतलं. मधल्या तुंब्यावर सूर्य म्हणून तांब्या ठेवला, तांब्यात दिवा. चाकाच्या आऱ्यांवर खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक खुंटीवर एक ग्रह. मातीचे गोळे करून रंगवले. शनीला कडं म्हणून मंदाचीच एक जुनी बांगडी घातली. चंद्र म्हणजे बोराची बी. पृथ्वीसाठी बराच विचार करून लिंबू घेतलं, आणि ते घेताना हा पदवीधर माणूस जरा थांबला असता तर त्याचं भलं झालं असतं. गावात लिंबू बघून कोणाला पृथ्वी आठवते?

आठवा ग्रह केतू. तो तर नसतोच. पंचांगवाले आकाशातली एक जागा मोजतात आणि तिला केतू म्हणतात. देवचंदनं त्याच्यासाठी खुंटी ठोकली आणि ती रिकामी ठेवली. त्याला वाटलं, हे फार हुशारीचं झालं.

गाडीत चाक घालून तो सावळखेड्याला आला. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. देवचंद बोलायला उभा राहिला आणि खरंच चांगला बोलला. वर्गात पोरं जांभया द्यायची, इथं माणसं श्वास धरून ऐकत होती. मास्तराला याहून मोठी दारू नाही.

"हे सगळे एका जागी येत नाहीत," त्यानं सांगितलं. "एका दिशेला दिसतात, एवढंच. यांच्यात कोट्यवधी कोसांचं अंतर आहे. रविवारच्या अवसेला ही गर्दी सगळ्यात दाट दिसेल. दिसेल म्हणतोय मी. असेल म्हणत नाही."

पण चाकावर जे दिसत होतं ते असं : तांब्याच्या या बाजूला एकटं लिंबू, आणि त्या बाजूला जवळजवळ सगळे गोळे त्याच्याकडं तोंड करून उभे.

"गुरुजी, हाई लिंबू म्हनजे आपन?" म्हाताऱ्या भिकुबाईनं विचारलं. तिच्या शब्दावर गावातल्या बाया उठायच्या-बसायच्या.

"हो आजी."

"एकलंच शे बिचारं."

कोणी हसलं नाही.

"आनि आठे काय शे?" तिनं रिकाम्या खुंटीकडं बोट केलं.

"तो केतू. तिथं काहीच नाही."

"मंग खुंटी कसाले ठोकी?"

"नुसती जागा आहे ती. वस्तू नाही."

"दखास नही, तरी शे," म्हातारी शेजारणीला म्हणाली, आणि पुढं होऊन पहिला नमस्कार तिनं त्या खुंटीला केला.

गिरधरआबांनी सूर्याचं विचारलं. हा एवढा दूर का? देवचंद खुलला. म्हणाला, "दूर आहे म्हणूनच आपण जगतो, आबा. जवळ आला तर कोळसा होईल आपला. तो दुरून पोसतो."

"आनि ह्या बठ्ठा कोनावर कोपतस?"

"हे सगळे? दगड, धूळ, वायू आहेत ते. कोणाच्या पोटी आले नाहीत, कोणावर कोपायला त्यांना मन नाही."

आबांनी मान हलवली. देवचंदला वाटलं, पटलं. मान हलवणं आणि पटणं यांच्यातही कोट्यवधी कोसांचं अंतर असतं, ते कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

गावचे किराणा-तुपाचे व्यापारी रुपचंदशेठ मागं उभे होते. नदीकाठी, गिरधरआबांच्या घरामागंच, त्यांनी यज्ञ मांडला होता, पदरचं तूप घालून. भला माणूस, पण त्या महिन्यात त्यांची झोप उडाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते पुढं आले, हात जोडून म्हणाले, "मास्तरसाब, ये चाक यज्ञमंडपात ठेवू द्या. पंचक्रोशीतले लोक येतील, सगळे बघतील."

देवचंदनं चाक दिलं. हजार माणसं बघतील म्हणजे हजार माणसं शिकतील, असा त्याचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी केतूच्या खुंटीला शेंदूर लागलेला होता.

*

शनिवारी देवचंद आपली घोंगडी घेऊन व्याह्यांच्या ओट्यावर येऊन बसला. पोर बाहेर काढलंच तर आपण उचलायचं, घोंगडीत गुंडाळायचं आणि शिंदखेड्याला न्यायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. दूध कुठून आणायचं हे ठरलेलं नव्हतं. भिकन समोरच्या भिंतीला टेकून बसला होता.

रविवारी दुपारी जेवणवेळ टळल्यावर आतून रडणं ऐकू आलं. सुईण बाहेर आली. "आंडेर शे," म्हणाली. मुलगी.

आबांनी उपरणं तोंडात कोंबलं आणि ओक्साबोक्शी रडू लागले. मग उठले. भिकनही उठला. देवचंद दारात आडवा उभा राहिला.

"आबा, पोर मला द्या. तुमच्या घराला काही होणार नाही. मी नेतो."

तेवढ्यात भिकुबाई अंगणात शिरली. तिच्या मागं आणखी बाया.

"कवय व्हयनी?"

"आतेच," सुईण म्हणाली.

"अवस लागेल शे ना?"

"लागेल शे." म्हणजे लागलेली आहे.

म्हातारीनं आभाळाकडं पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. वारा नाही, भूकंप नाही. कडुलिंबावर दोन कावळे बसले होते, तेही निवांत. तिनं देवचंदकडं पाहिलं.

"गुरुजीनी सांगेल येळले उनी," ती म्हणाली. "बठ्ठा एका जागे येवाना व्हतात ना? दखा, येई गयात. हिनामा येई गयात. म्हनीन वर काही नही."

आठही ग्रह त्या पोरीत उतरले, आणि अंगणात एकेकाचे हात जोडले जाऊ लागले. आपले हात कोणी बळंच जोडतंय असं त्यांच्या तोंडाकडं बघून वाटत होतं. आबांच्या हातातलं उपरणं खाली पडलं. सुईणीनं पोर दाराशी आणली, आणि जिला नदीपार सोडायला ते उठले होते, तिच्यासमोर ते गुडघ्यावर बसले. रुपचंदशेठ धावत आले आणि त्यांनी त्या चिंध्यांत गुंडाळलेल्या लाल तळव्यांना डोकं लावलं. महिन्याभराची झोप त्या माणसाच्या डोळ्यांत एकदम दाटून आली.

देवचंदला त्या क्षणी बोलता आलं असतं. तो बोलला नाही. का बोलेल? पोर वाचली होती. घोंगडीची घडी तशीच राहिली होती. त्यानं मनात म्हटलं, चार दिवसांत थंड होईल हे. देव असाच तयार होतो. वेडे लोक त्याला घडवतात हे अर्धं झालं. अर्धा तो शहाण्यांच्या सोयीनं गप्प बसण्यातून घडतो.

*

सोमवार गेला, मंगळवारी सूर्य उगवला. जग वाचलं. आता ते कोणी वाचवलं, हे ठरवायला नको का? शेठ म्हणाले यज्ञानं, भिकुबाई म्हणाली पोरीनं. भांडण नको म्हणून दोन्ही खरं ठरलं. मंडपात चाकावर लाल खण अंथरला, त्यावर आबांनी करून घेतलेला सागाचा पाळणा ठेवला, आणि पाळण्यात पोर. तिचं नाव ग्रहदेवी. शिरपूरकडून, नरडाण्याकडून बैलगाड्या यायला लागल्या.

आणि मंदा?

मंदा सुवेरात. बाळंतीण बाई, विटाळाची. बारा दिवस तिचा कोणाला हात लागू नये, मग देवाला कसा लागेल? त्यामुळं देवीला आईचं दूध बंद. मंडपात पूजेला बसलेले लोक गाईच्या दुधात कापसाचा बोळा बुडवून तिच्या तोंडात पिळायचे. सकाळ-संध्याकाळ पंचामृत. मध, दही, तूप, केळं. चार दिवसांच्या जिवाच्या पोटात.

देवचंद मागच्या खोलीच्या दाराशी गेला. आत शेगडीचा आणि ओव्याचा धूर. मंदा खाटेवर बसली होती. चोळी भिजून छातीला चिकटली होती, वर जुन्या लुगड्याचा धडपा बांधला होता, तोही भिजला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "ती रडस ते माले आठे आयकू येस. रडनी का मना पान्हा फुटस. मी काय करू?"

"मी बोलतो."

"तू बोली राह्यना म्हनीन तं हाई व्हयनं." ती रागानं बोलली नाही. दुखतंय म्हणताना माणूस जसं बोलतं तसं बोलली.

देवचंद मंडपात गेला. आबांना बाजूला घेऊन त्यानं सगळं सांगितलं. आईच्या पहिल्या दुधात काय असतं, गाईच्या दुधात काय नसतं, दह्यानं काय होतं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, सुवेरातली बाईना हात देवले लागू द्यू का?"

"आबा, ती देव नाही. तुमची नात आहे ती."

"तुमीच तं सांगं."

"मी काय सांगितलं?"

"रविवारे अवसले बठ्ठा एकठा दखातीन. दखायनात का नही?"

"दिसले. पण—"

"मंग?"

या 'मंग'ला उत्तर नसतं. देवचंदनं तासभर दिलं. ऐकणारे वाढत गेले, आणि प्रत्येक वाक्यानंतर कोणीतरी शेजारच्याला समजावून सांगायचा, "गुरुजी देवीना महिमा सांगी राह्यनात."

चौथ्या-पाचव्या दिवशी पोरीला हिरवं व्हायला लागलं. मग पाण्यासारखं. डोळे आत गेले, टाळू खोल गेली, रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. भिकननं ते पाहिलं आणि तो बाप होता, त्याला कळलं. पण भर मंडपात देवीला जुलाब होताहेत असं म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. देवी तप करते आहे, असं लोक म्हणत होते.

"आबा, हिला धुळ्याला न्या. आज. आत्ता."

"देवले दवाखाना?" आबांचा आवाज कापत होता. त्यांनाही दिसत होतं. "मास्तर, लोके काय म्हनतीन? देव दवाखानामा जास का?"

"मरेल ती!"

"देव मरस का?"

देवचंदनं चाकाकडं पाहिलं. खणाखालून एकच खुंटी बाहेर आलेली होती, शेंदरानं माखलेली. त्यानं पुढं होऊन त्या खुंटीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाला,

"ग्रह बोलतात."

आरती थांबली. घंटा वाजवणारा हात वरच राहिला.

"ग्रहांनी मला सांगितलं. देवीला धुळ्याच्या दवाखान्यात न्या. तिथं हजार दुखणाईत आहेत, त्यांना दर्शन द्यायचंय तिला. आणि तिच्या आईला बरोबर न्या. आईचं दूध पाजा. ग्रहांना सुवेर नाही."

बी.एस्सी.ला फिजिक्समध्ये पहिला आलेला माणूस. पण एवढं सोपं त्याला आयुष्यात काही गेलं नव्हतं. आठवडाभर तो खरं बोलत होता आणि भिंत हलली नव्हती. एक खोटं बोलला आणि शेठनी जीप मागवली.

*

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर चिडून बोलला. चिडायलाच हवं होतं. कातडीखाली सुई घालून मिठाचं पाणी दिलं आणि सांगितलं, आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा नको. मंदानं पोरीला छातीशी लावलं. पोरीला चोखायचं बळ नव्हतं. मंदानं पिळून तिच्या ओठांवर दूध सोडलं. ओठ हलले. दुसऱ्या दिवशी ती ओढायला लागली. तिसऱ्या दिवशी इतकी ओढू लागली की मंदा दुखून हसली.

ते दिवस बरे होते. वॉर्डात कोणी तिला देवी म्हणत नव्हतं, कारण मेट्रन दाराशी बसलेली असायची आणि ती कोणाचं ऐकायची नाही. मंदा पोरीला चिमणे म्हणायची. देवचंद बाकावर बसून चहा प्यायचा.

तिथला कंपाउंडर वाल्मीक देवचंदच्या ओळखीचा निघाला. बौद्ध होता, शिंदखेड्यालाच शिकलेला. पट्ट्या घडी करता करता तो म्हणाला, "गुरुजी, फाटकाबाहेर लोकं नारळ फोडताहेत. काय भानगड आहे?"

देवचंदनं सांगितलं. सगळं, खुंटीवर हात ठेवल्याचंसुद्धा.

वाल्मीकनं पट्टीची घडी अर्धी सोडली. "आम्ही छप्पन साली घरातले देव टोपलीत घातले न नदीत सोडले. माय रडली, पण सोडले. सोडायला किती जोर लागतो ते आमाले विचारा. आन तुम्ही एवढे शिकलेले, तुम्ही नवा केला?"

"पोर वाचवायला केला."

"मारायला देव कोन करतो, गुरुजी? बठ्ठे वाचवायलाच करतात."

देवचंदला राग आला. त्याला म्हणायचं होतं, तुझं काय जातं बोलायला. पण त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बारसं झालं की संपेल सगळं. सुवेर फिटली की मंदाला कोण अडवतंय?"

वाल्मीकला दुसऱ्या वॉर्डातून हाक आली.

*

दहा बैलगाड्या आणि एक बँड घेऊन सावळखेडं देवीला घ्यायला आलं. ती बरी झाली होती, म्हणजे शक्ती आणखी सिद्ध झाली होती. डॉक्टरचं नाव कोणी काढलं नाही. मिठाच्या पाण्याचं तर कोणीच नाही.

बारशाच्या दिवशी मंदा न्हाली, नवं लुगडं नेसली आणि मंडपात आली. सुवेर फिटली होती. ती सरळ पाळण्याकडं निघाली तर आबा आडवे आले. त्यांनी हात जोडले होते.

"बेटा, थांब. माले ग्रहसनी सांगं शे. सपनमा उनात बठ्ठा. म्हनेत, देवीले आते मायनी गरज नही. परलय टळना, रोग टळना, आते ती बठ्ठासनी शे. एकलीनी नही."

मंदानं भावाकडं पाहिलं. मंडपातल्या सगळ्यांनीच देवचंदकडं पाहिलं. तो पुढं झाला.

"आबा, ग्रह बोलत नाहीत."

"तुमले बोलनात ना?"

"नाही बोलले. मी खोटं बोललो होतो. पोर मरत होती म्हणून बोललो. ग्रह म्हणजे दगड आणि वायू. ते मला बोलले नाहीत, तुम्हालाही बोलले नाहीत. ही पोर पोर आहे. हिला जुलाब झाले होते, दवाखान्यानं बरं केलं."

असं त्यानं ठासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आयुष्यात इतकं सरळ खरं तो कधी बोलला नसेल. मग रुपचंदशेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

"क्या नम्रता है," ते म्हणाले. "ज्याच्याशी ग्रह बोलतात तो माणूस कबूल कसा करेल? मास्तरसाब, आपण धन्य."

"अहो शेठ, खरंच सांगतोय!"

"बठ्ठा मोठा लोके असंच म्हनतस," भिकुबाई बायांना म्हणाली.

देवचंदला मग कळलं की वाट दोन्हीकडून बंद झाली. ग्रह बोलत नाहीत हे आधी म्हणता आलं असतं. आता ते एकदा बोलले होते, आणि एकदा बोललेला देव कोणाशीही बोलू शकतो. आबांच्या स्वप्नाला खोटं म्हणायचं तर स्वतःच्या खुंटीला खोटं म्हणावं लागणार, आणि ते म्हटलं तरी कोणी ऐकत नव्हतं.

आबा जवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर कावा नव्हता. म्हातारा खरोखर विचारत होता.

"मास्तर, तुमीच सांगा. ग्रहले माय ऱ्हास का? तुमी पारवर सांगं व्हतं, त्या कोनाना पोटना नहीत."

मंदा बघत होती. तिचे ओठ हलत होते. देवचंदला खरं माहीत होतं. ते खरं तिच्या विरुद्ध होतं. तो पुन्हा एकदा खोट्याकडं वळला.

"असते," तो म्हणाला. "सूर्य. सूर्य त्यांची आई. त्याच्यापासूनच झालेत सगळे. त्याच्याशिवाय एक ग्रह जगत नाही."

बायांमध्ये कुजबुज झाली. भिकनची मान वर आली. मंदानं एक पाऊल पुढं टाकलं.

आबांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला, जसा वर्गात एखाद्या पोराला गणित सुटल्यावर उजळतो.

"मंग बराबर शे. सूर्य दूर ऱ्हास ना? दूरथीन पोसस. जोडे उना तं जळी जाई, तुमीच सांगं. मंग मंदानी बी दूर ऱ्हावं. पोरना भलासाठे." आणि सुनेसमोर त्यांनी डोकं जमिनीला टेकलं. "माय, तू दूरथीन पोस."

मंडपात जयजयकार झाला. बँडवाल्यानं ढोलावर काठी मारली. देवचंद काहीतरी ओरडत होता, पण काय ते त्यालाही ऐकू आलं नाही. भिकन पाळण्याच्या दोरीला धरून उभा होता. बायको भावाबरोबर शिंदखेड्याला निघाली तेव्हा त्यानं दोरी सोडली नाही, आणि ओढलीही नाही.

*

शिंदखेड्याच्या वाटेवर गाडीवानानं बैल पाण्याला सोडले. बाभळीखाली मंदा बसली. चोळीवर पुन्हा ओल पसरत होती.

"भाऊ, आनखी एक सांगी दे ना त्यासले," ती म्हणाली. "काही बी सांग. तुले सांगता येस."

देवचंद जोडे काढून बसला होता. तो खरंच शोधत होता. पण तो जे काही रचेल त्याच्यापेक्षा आबांना पडणारं स्वप्न मोठं असणार होतं, आणि आबांना ते खरंच पडणार होतं.

वाटेवरून एक मजूर बाई आली. कडेवर मूल, वाळलेलं, मूठ चोखणारं. तिनं गाडीला लावलेली देवीची तांबडी झेंडी पाहिली, मग मंदाकडं पाहिलं.

"देवीनी माय का तू?"

मंदानं पदर छातीवर ओढला.

"माले दूध नही राह्यनं वं माय. ह्याना डोकावर हात ठेव."

मंदानं हात ठेवला नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले, मूल ओढून घेतलं आणि चोळीची गाठ सोडली. मुलानं तोंड लावलं तशी तिच्या तोंडून कण्हणं निघालं आणि तिनं डोळे मिटले.

मजूर बाईनं वाकून तिच्या पायाला हात लावला. वाटेवरून मोळ्या घेऊन चाललेल्या बाया थांबल्या. एकीनं मोळी उतरवली. दुसरीनं विचारलं, कोन शे वं ती? तिसरीनं उत्तर द्यायच्या आधीच डोक्यावर पदर घेतला होता.

देवचंद उठून उभा राहिला. "बायांनो, असं काही नाही," तो म्हणाला. "ती नुसती—"

"गुरुजी काय म्हनतस?" मागच्या एकीनं विचारलं.

"आयक, आयक," पुढची म्हणाली आणि हात जोडून खाली बसली.